खाली आणि खल्ली

एकदा मास्तरांनी मास्तरांनाच फुटबॉल द्यायचं नाकारलं.

असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल, लिहिणारीचंच काहीतरी चुकलंय. पण मी मेसच्या दारातून हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मास्तर कॉलेजचे स्टोअरकीपर. खडू, बल्ब, झाडू, खिळे सगळं त्यांच्या ताब्यात, आणि फुटबॉलही त्यांच्याच ताब्यात. संध्याकाळी चारनंतर कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोचही तेच. त्यामुळे रोज चार वाजता ते स्टोअरमधून बाहेर यायचे, खिडकीसमोर उभे राहायचे, फॉर्मवर ‘सहा फुटबॉल, एक पंप’ असं लिहायचे आणि सही करायचे. मग आत जायचे, चष्मा चढवायचे, तो फॉर्म ओळ न् ओळ वाचायचे, शिक्का मारायचे आणि बॉल खिडकीत ठेवायचे. चष्मा काढून पुन्हा बाहेर यायचे आणि बॉल उचलायचे. चष्मा फक्त आतल्या मास्तरांना होता. बाहेरच्या मास्तरांना चष्मा नव्हता.

त्या दिवशी आतल्या मास्तरांच्या लक्षात आलं की बाहेरच्या मास्तरांनी काल एक बॉल परत केलेला नाही.

“काल पाचच आले,” ते आतून म्हणाले.

बाहेर आले. “एक भिंतीपलीकडे गेला. उद्या आणतो.”

आत गेले. “आधी तो आणा. मग बाकीचे मिळतील.”

पुन्हा बाहेर आले. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. मग मैदानावर जाऊन मुलांना म्हणाले, “आज नुसतं पळा रे. स्टोअरवाला ऐकत नाही.”

मी हसता हसता पोळपाटावर वाकले ती वाकलेच. त्या दिवशीच्या पहिल्या दहा चपात्यांचा आकार कशाशीच जुळत नव्हता.

ऐंशीच्या आगेमागेची ही गोष्ट. आम्ही तेव्हा बाहरीनमध्ये बुसैतीनला राहायचो. हे कॉलेजची बस चालवायचे आणि मी मेसमध्ये चपात्या लाटायला होते. मी गावाला चौथीपर्यंत शाळेत गेले. तिथे लंगडी आणि आट्यापाट्या खेळले, फुटबॉल डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. बाहरीनला येऊन पाहिला तो असा, मास्तरांचा.

मास्तर वसईचे. बुटके, गोल, डोक्यावर बाराही महिने पांढरी कापडी टोपी. बायको-मुलं वसईला, आणि मास्तर इथे क्वार्टरमधल्या एका खोलीत. सकाळी आठ ते चार स्टोअर. मग चार ते सहा मैदान. हे एकदा मला म्हणाले होते, “त्या माणसाचा दिवस दोनच तासांचा आहे बघ. बाकीचे बावीस तास तो चार वाजायची वाट बघतो.”

मला ते वैनी म्हणायचे. टीममधली बाहरीनी मुलं त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांच्या भाषेत उस्ताद म्हणजे शिक्षक. मला पहिले दोन महिने वाटत होतं की मास्तर पूर्वी तबला वाजवत असणार.

त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्यांनी कधी वाजवली नाही. यांनी विचारलं तर म्हणाले, “शिट्टी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते भाऊ. मला अकरा जणांना अकरा गोष्टी सांगायच्या असतात.” म्हणून ते ओरडायचे. सुरुवात इंग्रजीत व्हायची, मग हिंदी, मग अरबीतले दोन-चार शब्द, आणि खेळ रंगला की नुसती मराठी. समुद्रापलीकडे वसईच्या घरी ऐकू जावं इतकी मोठ्याने.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मास्तर चर्चला जाऊन आले की मी विचारायची हिंमत करत नसे, पण हे विचारायचे, “काय मास्तर, गोल मागितला का देवाकडे?”

“छे छे. देव रेफ्री आहे. त्याच्याकडे गोल मागायचा म्हणजे लाच द्यायची. मी फक्त म्हणालो, कुणाचा गुडघा फुटू देऊ नकोस. आपल्या पोरांचा आणि त्यांचासुद्धा.”

खेळाच्या मधल्या सुट्टीत ते मुलांना वसईची सुकेळी वाटायचे. सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी, घरून कुणी आलं की पानात बांधून आणायचं. काळपट, चिवट, दिसायला काही खास नाही. बाहरीनी मुलांना वाटायचं तो सुका मासा आहे. तो गोड लागतो म्हणून ती चकित व्हायची. एकाने तर घरी सांगितलं होतं म्हणे, की उस्तादच्या गावाला समुद्रात गोड मासे सापडतात.

आता मुख्य गोष्ट सांगते.

टीममध्ये एक फार उंच मुलगा होता. सगळे त्याला नखला म्हणायचे, म्हणजे खजुराचं झाड. मास्तरांचा सगळा खेळ त्या झाडाभोवती बांधलेला होता. मागच्याने बॉल आभाळात मारायचा, नखलाने विरुद्ध बाजूच्या गोलसमोर उभं राहायचं, बॉल येऊन त्याच्या डोक्यावर पडायचा आणि तिथून आत. त्याला पळायलाही लागायचं नाही. एकदा तर तो चुलतभावाशी बोलत उभा होता आणि गोल झाला.

मग नखलाचं शिक्षण संपलं. अस्करच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि तो गेला. राहिलेली सगळी मुलं ठेंगणी. तरी सवयीने ती बॉल आभाळातच मारत राहिली. त्यात त्या बेटावर उत्तरेकडून वारा सुटतो, त्याला शमाल म्हणतात. शमाल सुटला की बॉल वरच्या वर उचलला जायचा आणि दिसेनासा व्हायचा. मास्तर कपाळावर हात आडवा धरून बघत राहायचे. “गेला. सौदीला गेला. व्हिसा नाही, काही नाही.”

नखला गेल्यापासून टीमने एकही गोल केला नाही. एकही नाही.

शेवटी प्रिन्सिपॉलसाहेबांनी मास्तरांना बोलावलं. साहेब सुटाबुटातले, शांत, फुटबॉलमधलं काही कळत नसलेले. बसच्या वेळा ठरवायला हे तेव्हा तिथेच उभे होते, त्यांनी घरी येऊन नक्कल करून दाखवली. साहेब म्हणाले, “अकरा मुलं पळतात आणि एक गोल होत नाही. व्हॉलीबॉलला सहाच लागतात.” वर्षातली एकच मॅच उरली होती, अस्करच्या वाटेवरच्या दुसऱ्या कॉलेजबरोबर. तिच्यात जिंकले नाहीत तरी चालेल, पण निदान एक गोल झाला तर पुढच्या वर्षी फुटबॉल राहील. नाही झाला तर मैदानाच्या मधोमध दोन खांब पुरून व्हॉलीबॉलची जाळी बांधायची.

मास्तर दुसऱ्या दिवशी मेसमध्ये आले. “व्हॉलीबॉलवर माझा राग नाही, वैनी. चांगला खेळ आहे. पण जाळी मध्येच असते. माणसं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. त्याला काय खेळ म्हणायचं?”

मग त्यांनी माझ्या टेबलावर नवा खेळ मांडला. त्यांनी लूमी मागितल्या. लूमी म्हणजे वाळवलेलं काळं लिंबू, तिकडे भातात आणि रश्शात घालतात. अकरा लूमी म्हणजे समोरची टीम. आपली टीम म्हणून अकरा खजूर. वाटाण्याचा बॉल.

“आजपासून आभाळ बंद,” मास्तर म्हणाले. “बॉल जमिनीवरून. ह्याच्या पायातून त्याच्या पायात, त्याच्या पायातून ह्याच्या. छोटे छोटे पास. ती लूमीची पोरं उंच आहेत. उंच माणसाला खाली वाकायला वेळ लागतो. तेवढ्यात आपण त्यांच्या पायांखालून पसार.”

तेवढ्यात हे बस लावून आत आले, उभ्या उभ्या टेबलावरचा एक खजूर उचलला आणि तोंडात टाकला.

“अहो भाऊ! जासिम होता तो! आमचा सेंटर फॉरवर्ड!”

हे घाबरले. “बी काढून देऊ?”

मास्तरांनी जरा विचार केला. “द्या. नाहीतरी तो तेवढाच आहे.”

जासिम आमच्या शेजारच्या बाईंचा मुलगा. बारीक, काटकुळा, पण पायात भिंगरी. त्या बाईंना सगळे उम्म जासिम म्हणायचे. तिकडे आईला मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला अरबी, तरी आम्ही रोज दुपारी एकत्र चहा प्यायचो आणि कशावर तरी खूप हसायचो. कशावर ते दोघींनाही ठाऊक नसायचं.

नव्या खेळाचा सराव सुरू झाला. मी पाण्याचा ड्रम घेऊन गोलच्या मागे उभी राहायचे. तिथे कुणाचं लक्ष जात नसे, म्हणून मला ती जागा आवडायची. पहिल्याच दिवशी यूसुफ नावाच्या मुलाने सवयीने बॉल वर उडवला. मास्तर कळवळून ओरडले, “खाली! अरे खाली! खाली!”

सगळी मुलं थांबली आणि इकडेतिकडे बघू लागली. यूसुफ धावत त्यांच्याकडे आला. बसच्या प्रवासात त्याला थोडं हिंदी आलं होतं. “उस्ताद, तुम्हारा मामू किधर? कौन आया?”

अरबीत खाली म्हणजे माझा मामा.

मास्तरांनी त्यांना समजावलं. जमिनीवर हात आपटून दाखवला. डाऊन. नीचे. खाली. मुलांनी माना डोलावल्या. “इंशाल्ला, उस्ताद.” ती मुलं इंशाल्ला, म्हणजे देवाच्या मनात असेल तर, असं म्हणाली की मला काळजीच वाटायची.

पुढचे चार दिवस कॉलेजभर मामाच मामा. वॉचमन फाटकातून हसत विचारायचा, मामा पोचला का. मास्तर ‘खाली’ ओरडले की मुलं उगाच फाटकाकडे बघून हात हलवायची. मास्तर वैतागले. त्यांनी काय केलं, तर शब्द आखूड केला. मामासारखा लांबट वाटू नये म्हणून झटक्यात ओरडायचं. खाली! खाली!

आणि मुलं बॉल सोडून देऊ लागली.

म्हणजे खरंच सोडून देऊ लागली. बॉल सरपटत जासिमसमोर येई, मास्तर ओरडत, आणि जासिम एखाद्या पाहुण्याला वाट द्यावी तसा बाजूला होई. बॉल त्याच्यापुढून निघून जाई. “अरे सोडतोस काय!” मास्तर टोपी काढून जमिनीवर टाकत. पुन्हा बॉल येई, पुन्हा मास्तर ओरडत, पुन्हा जासिम बाजूला.

मला दुसऱ्याच दिवशी कळलं काय होतंय ते. मी होते लांब, गोलच्या मागे. शमाल समोरून यायचा आणि मास्तरांच्या ‘खाली’मधला काना उडवून न्यायचा. माझ्यापर्यंत पोचायचं ते ‘खल्ली’. आणि खल्ली मला उम्म जासिमनी शिकवलेलं होतं. चहाचे पेले उचलायला मी वाकले की त्या माझा हात धरायच्या, “खल्ली, खल्ली.” म्हणजे राहू दे. सोड.

मास्तरांनाही खल्ली शब्द ठाऊक होताच, तिकडे कुणाला ठाऊक नसतो! पण त्यांच्या मनात खाली होतं, त्यामुळे त्यांच्या कानांनाही खालीच ऐकू येत होतं.

आता हे मी त्यांना सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण मला परक्या पुरुषमाणसाशी बोलायचं म्हटलं की मी तोंड फिरवून तव्याकडे वळायचे. मास्तर आमच्याकडे वर्षभर चहा पीत होते आणि मी त्यांच्याशी ‘साखर?’ याच्या पलीकडे गेले नव्हते. यांना सांगावं तर हे ऐकता ऐकता झोपायचे. असे आठ दिवस गेले. मॅच दहा दिवसांवर आली.

मग एका संध्याकाळी मास्तर मेसमध्ये येऊन पिठाच्या डब्यावर बसले आणि काहीच बोलेनात. मास्तर गप्प, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी चहा ठेवला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “वैनी, पोरांनी मला सोडलं बहुतेक. मी काही म्हटलं की ती बॉल टाकून देतात. ह्या माणसाचं ऐकायचंच नाही असं ठरवलंय त्यांनी. मग राहू दे. बांधू दे जाळी.”

मी तव्याकडे तोंड करून म्हणाले, “ती तुमचंच ऐकतात.”

“काय म्हणालात?”

“तुम्ही सोड म्हणता. म्हणून ती सोडतात.”

मग मी सगळं सांगितलं. तव्याला सांगितलं असंच म्हणायला हवं. चपाती पार जळून गेली. माझं संपलं. वळून बघते तर मास्तर जागेवर नाहीत. ते मेससमोरच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळत गेले होते आणि तिथून मला ओरडून विचारत होते, “खाली! वैनी, आत्ता काय ऐकू आलं?”

“खल्ली!” मला ओरडावंच लागलं.

“खाली! आता?”

“खल्ली!”

असं चारपाच वेळा झाल्यावर ते हसत सुटले. पोट धरून मैदानातच बसले. हसतच परत आले, पुन्हा पिठाच्या डब्यावर बसून डोळे पुसले, आणि एकाएकी थांबले. “वैनी, जासिमने सोडलेला बॉल जातो कुठे?”

“मागे. यूसुफकडे.”

“आणि यूसुफजवळ कोण असतं?”

“कुणीच नसतं. सगळे जासिमवर धावलेले असतात.” मग माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “आमच्याकडे आट्यापाट्यांत हूल देतात ना, तशीच हूल होते ती.”

“हूल!” मास्तर ताडकन उठले. त्यांच्या पँटच्या मागे पिठाचे दोन मोठे पांढरे गोल उमटले होते. तसेच ते कॉलेजभर मुलांना शोधत फिरले. कुणाला सांगायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोन शब्द झाले. लांब ‘खाऽऽली’ म्हणजे बॉल जमिनीवर ठेवा, मामाला विसरा. आखूड ‘खल्ली’ म्हणजे जासिमने बॉलकडे पाय न्यायचा, सगळ्यांना आपल्याकडे ओढायचं आणि ऐन वेळी सोडून द्यायचं. मागून यूसुफने मारायचं. काय सुरेख जमायला लागलं ते! जासिमला त्यात इतकी गंमत यायची की तो घरीही तसंच करायचा. आई ताट पुढे करायची, हा हात पुढे न्यायचा आणि मागे घ्यायचा. उम्म जासिम मला खुणांनी सांगत होत्या, पोराला काहीतरी झालंय.

सगळं ठरलं. एका गोष्टीचा विचार मात्र मास्तरांनी केला नाही, यांनी केला नाही, मुलांनी केला नाही आणि मीही केला नाही. समोरची टीमही अरबीच बोलणारी होती.

मॅचच्या दिवशी शमाल चांगलाच सुटला होता. प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीवर बसले होते, टाय वाऱ्याने त्यांच्या खांद्यावर गेला होता. त्यांच्या शेजारी एका माणसाच्या हातात मोजपट्टी होती. तो जाळीच्या खांबांची जागा मापायला आला होता, आणि मॅच चालू असताना कडेने मापतही होता. मास्तरांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही.

अस्करकडची मुलं खरोखरच उंच. पण आमची त्यांच्या गुडघ्यांखालून उंदरांसारखी पळत होती. “खाऽऽली! शाबास! खाऽऽली!” बॉल जमिनीला चिकटलेला. नखला गेल्यापासून मी पहिल्यांदाच बघत होते की आमचीही मुलं दुसऱ्यांच्या गोलपाशी जातात. पण आत काही जाईना. शेवटची थोडी मिनिटं उरली. दोघांचेही शून्य. मग उजवीकडून बॉल सरपटत आला, जासिमकडे दोन उंच मुलं धावली, आणि मास्तरांनी उभ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी आरोळी ठोकली.

“खल्लीऽ!”

जासिमने सोडला. त्याच्यावर धावलेल्या पहिल्या मुलाने पाय उचलला होता, त्यानेही सोडला. दुसऱ्यानेही सोडला. एवढ्या अधिकाराने कुणी सोड म्हणालं तर माणूस सोडतोच. मागे यूसुफ मारायला तयार उभा होता, पण सगळेच सोडतायत म्हटल्यावर त्यानेही सोडला. बॉल एकटाच, कुणाचा धक्का न लागता, रमतगमत गोलकडे निघाला. गोलकीपर दोन्ही हात पसरून वाकला होता. त्याने मास्तरांकडे पाहिलं आणि अदबीने बाजूला झाला. बॉल आत जाऊन थांबला.

कुणाला कळेना, हसावं की नाचावं. मग अस्करकडची मुलं, ह्याने सोड म्हणून आम्हाला फसवलं असं ओरडत, एकदम रेफ्रीकडे धावली.

रेफ्री सरळ मास्तरांपाशी आला. उंच, मिशीवाला, गंभीर. “उस्ताद, तुम क्या बोला?”

हे माझ्या शेजारून कळवळून म्हणाले, “मास्तर, सांगा त्यांना! आमच्या भाषेत खाली म्हणजे नीचे! खाली म्हणजे खाली!”

मास्तर तेवढं म्हणाले असते तर गोल राहिला असता. एक गोल, तेवढाच हवा होता. मास्तरांनी साहेबांकडे पाहिलं, मोजपट्टीवाल्याकडे पाहिलं, टोपी काढली.

“पहले खाली बोलता था,” ते रेफ्रीला म्हणाले. “नीचे, नीचे. लेकिन अभी खल्ली बोला. अपने लडके को बोला. तुम्हारे लडके क्यों सुने, मालूम नहीं.”

हे दोन्ही हात डोक्याला लावून खालीच बसले.

रेफ्रीच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्याने चेहरा सरळ ठेवला. “गोल मफी,” तो म्हणाला. गोल नाही. मग मास्तरांच्या तोंडापुढे बोट धरलं. आता मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. एक शब्द आला की मॅच खलास.

मास्तरांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. नुसते नव्हे, एकावर एक. गाल बाहेर आले.

खेळ सुरू झाला. मैदान एकदम ओसाड वाटायला लागलं. इतक्या दिवसांत त्या आवाजाशिवाय तिथे एक पासही झाला नव्हता. आमच्या मुलांनी दोनदा वळून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे डोळे बाहेर यायला आले होते, पाय जागच्या जागी नाचत होते, पण हात हलले नाहीत. समोरची मुलंही सारखी त्यांच्याकडेच बघत होती. आता पुन्हा काहीतरी ओरडेल, आपण मुळीच ऐकायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

आणि पुन्हा उजवीकडून बॉल आला. जमिनीवरून, सरळ, जासिमकडे. दोन उंच मुलं त्याच्यावर धावली. मास्तरांकडून आवाज नाही. जासिमने पाय पुढे नेला. मला वाटलं हा आता मारणार, आणि त्या दोघांनाही तेच वाटलं. त्याने पाय तसाच वरून फिरवला आणि बॉलला जाऊ दिलं. ते दोघे त्याच्यावर जाऊन आदळले. मागे यूसुफ एकटा होता. त्याने शांतपणे, जमिनीवरूनच, कोपऱ्यात मारला.

रेफ्रीने हात वर केला. गोल. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी झाली.

काय आरडाओरडा! हे मैदानात धावत गेले, वॉचमन धावत गेला, आणि मी कशी कोण जाणे पाण्याच्या ड्रमच्या पुढे येऊन टाळ्या वाजवत होते. प्रिन्सिपॉलसाहेब खांद्यावरचा टाय सरळ करत मास्तरांपाशी आले. “नेक्स्ट इयर, फुटबॉल,” ते म्हणाले. मोजपट्टीवाल्याला त्यांनी हातानेच जायला सांगितलं. मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. हात तोंडावरच.

“मिस्टर, तुम्ही बरे आहात ना?” साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

पुन्हा मान. हात तोंडावरच. साहेब घाबरून दोन पावलं मागे सरले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रेफ्री म्हणाला होता, मी सांगेपर्यंत. आणि सांगायचं विसरून तो आपल्या गाडीकडे निघून गेला होता.

“अहो, रेफ्रीला गाठा!” मी यांना म्हणाले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. हे धावले. गाडी फाटकातून निघालीच होती. यांनी पुढे आडवं होऊन ती थांबवली. रेफ्रीने काच खाली केली. यांनी सांगितलं की आमच्या मास्तरांना बोलायची परवानगी द्या, माणूस निळा पडत चाललाय. मग मात्र तो मिशीवाला हसला, इतका हसला की गाडीचा हॉर्न वाजला. “यल्ला, यल्ला! बोलने दो!”

हे धापा टाकत परत आले. “मास्तर! परवानगी आली!”

मास्तरांनी एक हात काढला. मग दुसरा. भोवती सगळी मुलं जमली होती. उस्ताद आता काय म्हणतात म्हणून गप्प उभी. मास्तरांनी जासिमकडे पाहिलं, यूसुफकडे पाहिलं, पुन्हा जासिमकडे पाहिलं. 

“अरे,” ते म्हणाले, “मी काही बोललोच नव्हतो.”

मुलांना मराठी कळलं नाही. ती हसली आणि त्यांना उचलायला धावली. मास्तर त्यांच्या खांद्यांवर डुलत होते, वाऱ्याने टोपी उडून गेली होती, आणि ते खाली दिसेल त्याला सांगत होते. यांना सांगितलं, वॉचमनला सांगितलं, प्रिन्सिपॉलसाहेबांना इंग्रजीत सांगितलं. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांना आवाजही राहिला नव्हता. तरी वरून वाकून त्यांनी मला पुन्हा सांगितलं.

“वैनी, तुम्ही पाहिलंत ना? मी काही बोललोच नव्हतो!”